धडा पुढे गेला, मूल मागे राहिलं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या की आधी साड्या, मग बाजारातले भाव आणि मग मुलांचे मार्क, हा क्रम ठरलेला. यंदा खंडाळ्याला एका घरी गेले होते. (खंडाळा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या भगिनींना लोणावळ्याच्या शेजारचा, धुक्याचा आणि सहलीचा खंडाळा आठवतो. तो नव्हे. हा साताऱ्याचा, शिरवळ आणि खंबाटकी घाटाच्या मधला.) वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, आणि एक बाई आपल्या पाचवीतल्या मुलाबद्दल सहज बोलून गेल्या, ‘‘धाकटा जरा ढच आहे हो. थोरल्याचं डोकं त्याच्या बाबांवर गेलंय, हा कुणावर गेलाय कोण जाणे!’’ सगळ्या हसल्या. मुलगा तिथेच दारात उभा होता, तिळगुळाचा डबा हातात घेऊन.

ब्राह्मी लिपीपासून बाकी सगळी अक्षरं बदलत गेली, फक्त ‘ढ’ तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात, असं सांगतात. खरंखोटं लिपीचे जाणकार जाणोत. पण आपल्या बोलण्यात हा शब्द किती सहज येतो! आणि एकदा तो चिकटला की आई निर्धास्त, बाई निर्धास्त, कारण मग कुणाला काही करायचं उरत नाही. डोकंच नाही म्हटल्यावर काय करणार?

आता गंमत पाहा. याच न्यायाने चाललं तर अख्खे देशच्या देश ढ ठरतात. पंधरा वर्षांच्या मुलामुलींची ‘पिसा’ नावाची एक परीक्षा 2000 सालापासून निरनिराळ्या देशांत घेतली जाते. वाचलेलं समजतं का, गणित व्यवहारात वापरता येतं का, असं त्यात बघतात. 2009 च्या फेरीत आपल्याकडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं बसली. शिक्षणात पुढारलेली म्हणून नाव असलेली, बरं का. 74 देशा-प्रदेशांच्या यादीत या दोघांच्या खाली फक्त किरगिझस्तान होता. 2012 च्या फेरीला भारत बसलाच नाही. नापास मुलाने प्रगतिपुस्तक दप्तरात लपवावं, त्यातलाच प्रकार!

त्याच 2012 च्या फेरीत व्हिएतनाम पहिल्यांदा उतरला. वर्षानुवर्षं युद्धाने भाजून निघालेला, आपल्यापेक्षा काही फार श्रीमंत नसलेला देश. त्याच्या मुलांना गणितात 511 गुण पडले, आणि श्रीमंत देशांची सरासरी होती 494. तिथेही पंधराव्या वर्षापर्यंत शाळा सोडून गेलेली मुलं या परीक्षेत मोजली जात नाहीत, हे खरं. ते वजा केलं तरी एवढं नक्की दिसतं की पैसा नाही म्हणून मुलं मागे पडतात, हे उत्तर पुरेसं नाही. आणि एका देशातल्या मुलांना देवाने डोकं दिलं, दुसऱ्या देशातल्यांना दिलं नाही, असं तर कुणी शहाणं माणूस म्हणणार नाही. मग होतं तरी काय?

विणकाम करणाऱ्या भगिनींना हे चटकन कळेल. दहाव्या ओळीला एक टाका सुटला आणि लक्षात न आल्याने आपण तशाच विणत गेलो, तर चाळिसाव्या ओळीला स्वेटर वाकडा दिसायला लागतो. तिथे कितीही घट्ट विणलं तरी उपयोग नसतो. उसवून दहाव्या ओळीपर्यंतच जावं लागतं. मुलाचं तसंच आहे. पहिली-दुसरीत अक्षर, काना-मात्रा, जोडाक्षर पक्कं व्हायचं असतं. तिसरीपासून मात्र शाळा वाचायला शिकवत नाही, वाचता येतं असं धरून परिसर अभ्यास, इतिहास, गणिताची शाब्दिक उदाहरणं शिकवायला लागते. जूनमध्ये पुस्तक सुरू होतं आणि मार्च-एप्रिलमध्ये संपतं. ते कुणासाठी थांबत नाही. ज्याचं वाचन दुसरीत कच्चं राहिलं, त्याला तिसरीचं पुस्तक परकं, चौथीचं आणखी परकं. पाचवीत तो मागच्या बाकावर गप्प बसून फळ्यावरचं उतरवून घेतो. वही पूर्ण असते, अक्षरही वळणदार असतं. आई वही बघते आणि समाधान मानते.

असं कितीजणांचं होतं, याचा हिशोब आपल्याकडे आहे. ‘प्रथम’ या संस्थेने 2005 सालापासून खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावलं. ‘असर’ या नावाने त्याचा अहवाल निघतो. दुसरीच्या पातळीचा एक साधा उतारा मुलापुढे ठेवायचा, बस. 2018 साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी 50.5 टक्क्यांना तो वाचता आला. मध्ये करोना आला, मार्च 2020 ला शाळांना कुलपं लागली, आणि आपल्या राज्यात लहान वर्ग 2021 चा डिसेंबर उजाडला तेव्हा कुठे भरायला लागले. 2022 साली हाच आकडा 42.8 वर आला. 2024 ला तो पुन्हा चढून 48.8 झाला. म्हणजे बऱ्या दिवसांतसुद्धा पाचवीच्या दोन मुलांतलं एक मूल दुसरीचा उतारा वाचू शकत नाही. निम्मी मुलं ढ? मला नाही पटत. ज्या शिवणयंत्रावर दोनातला एक ब्लाउज उसवतो, त्या यंत्राकडे आपण बघतो, कापडाला नावं ठेवत नाही.

पूर्वी नापास करत, ते बरं होतं, असं अनेकजणी म्हणतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं. 2019 साली दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला परीक्षेनंतर नापास करण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने भांडणं होतात. माझ्या मते दोघंही मुद्दा चुकवतात. नापास केलेल्या मुलाला पुन्हा तेच पुस्तक, त्याच वेगाने. पुढे ढकललेल्याला नवं पुस्तक, त्याच वेगाने. सुटलेल्या टाक्यापाशी कोणी जात नाही ते नाहीच.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथे मला शहरातल्या मैत्रिणींशी जरा मोकळेपणाने बोलायचंय.

आफ्रिकेतल्या केनिया देशाच्या पश्चिम भागात 1990 नंतरच्या दशकात एक प्रयोग झाला. तिथल्या शाळांतून चार-चार, पाच-पाच मुलांत एक पुस्तक असायचं. पुस्तकं नाहीत म्हणून मुलं मागे, असं सगळ्यांचं मत. म्हणून काही शाळांना भरपूर पाठ्यपुस्तकं वाटली. मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल तपासला. (हेच क्रेमर पुढे 2019 साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले.) निकाल काय निघाला? आधीपासून हुशार होती त्या थोड्या मुलांना पुस्तकांचा फायदा झाला. बाकीच्यांत काडीचाही फरक नाही. कारण पुस्तकं होती इंग्रजी. घरी बोलायची भाषा एक, बाजारात स्वाहिली, आणि इंग्रजी बहुतेकांची तिसरी भाषा. पुस्तक हातात आलं, पण ते वाचून समजणार कुणाला?

हे वाचलं तेव्हा मला केनिया आठवला नाही, माझ्या जावेची मुलगी आठवली. साताऱ्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीला आहे. आमच्याकडे राहायला आली होती. एका पानाचा धडा तिने खडाखडा वाचून दाखवला. उच्चार असे की ऐकत राहावं. धडा विहिरीवरचा होता. मी विचारलं, ‘‘बाळा, वेल म्हणजे काय गं?’’ ती म्हणाली, ‘‘ते नाही माहीत काकू, पण सगळी उत्तरं येतात मला.’’ आणि खरंच, पाचही उत्तरं तिने डोळे मिटून घडाघडा म्हटली. जावेला सांगितलं तर ती म्हणते, ‘‘अहो ताई, पुढे येईल समजायला! मार्क तर नव्वदच्या वर आहेत.’’

मार्क आहेत, हीच तर अडचण आहे. खंडाळ्याच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुलगा अडखळतो ते निदान ऐकू येतं. या पोरीचं अडखळणं गुळगुळीत वाचनाखाली झाकलेलं आहे, आणि ते सहावी-सातवीत विज्ञान आणि शाब्दिक गणितं आली की उघडं पडेल. तेव्हा आई म्हणणार, ‘तिसरीपर्यंत हुशार होती हो, मग काय झालं कोण जाणे.’ इंग्रजी माध्यमाला माझा विरोध नाही. आजच्या काळात आई तो निर्णय का घेते, हे मला कळतं. शिरवळच्या कारखान्यांत नोकरी मागायला गेलेल्या मुलाला इंग्रजी येत नसेल तर काय होतं, ते या भागातल्या बायकांनी जवळून पाहिलंय. पण ज्या घरात इंग्रजी बोललं जात नाही, त्या घरातल्या मुलाला आधी मराठी वाचता आलं पाहिजे, समजून वाचता आलं पाहिजे. एका भाषेत वाचनाचा हात बसला की दुसऱ्या भाषेला तो कामी येतो. दोन्ही एकदम कच्च्या ठेवल्या की दोन्हीकडून गेलं.

शिरवळला याची उलटी बाजूही आहे. उत्तरेकडून कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं मराठी शाळेत बसतात. त्यांना घरी हिंदी नाहीतर भोजपुरी. त्या मुलाला मराठी बालभारती म्हणजे आपल्या मुलाला इंग्रजी पुस्तक. त्यालाही आपण बघता बघता ढ म्हणून टाकतो.

तिसरं कारण तर साताऱ्या-सांगलीच्या रस्त्यावर दिवाळीनंतर कुणालाही दिसतं. बीड-नगरकडून ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर येतात. नवरा-बायको मिळून हिशोबात ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हंगाम सोडता येत नाही. मग पोरं बरोबर. शाळा जूनला सुरू होते, ही पोरं नोव्हेंबरच्या सुमाराला निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे वर्षातली निम्मी शाळा गेली. थोरली मुलगी असेल तर ती पाचटाच्या कोपीपाशी धाकट्याला सांभाळत बसते. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, पुढे मुलांना गावीच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहं निघाली. जिथे ती नीट चालली तिथे पोरं टिकली. जिथे आजीच्या भरवशावर काम सोडलं तिथे मुलगी पुन्हा फडात दिसली. या मुलीला कोणी बाई पाचवीच्या वर्गात उभं करून वाचायला सांगणार, आणि ती गप्प राहणार, आणि मग प्रगतिपुस्तकावर ‘प्रगती असमाधानकारक’!

पोट आणि हजेरी यांचा संबंध आपल्या जिल्ह्याला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्याला वसतिगृह आणलं. सगळ्या जातींची गरीब मुलं एका पंगतीला. त्यांनी वर्गाच्या आधी स्वयंपाकघर का उभं केलं, हे लक्षात घ्या. मूल शाळेत टिकलंच नाही तर गुरुजी कितीही चांगले असून काय उपयोग? आणि त्या स्वयंपाकघरात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या पत्नीने, एकेक करून दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. साताऱ्यात ही गोष्ट घरोघर सांगतात. आपण ती ऐकताना डोळे पुसतो. त्यातला हिशोब मात्र पाहत नाही: एका बाईचे दागिने म्हणजे इतक्या मुलांची इतक्या दिवसांची हजेरी.

बरं, मागे पडलेलं मूल परत येतं का? येतं. आणि ते कुणी आणलं, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. 2001 च्या सुमारास मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ने बालसखी नेमल्या. या काही पदवीधर शिक्षिका नव्हत्या. त्याच वस्तीतल्या, दहावी-बारावी शिकलेल्या तरुण मुली, मानधन जेमतेम. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायचं आणि जिथे ती अडली होती तिथून सुरू करायचं. अक्षर येत नसेल तर अक्षरापासून. चौथीचं पुस्तक दोन तास बाजूला. शास्त्रोक्त मोजणी झाली तेव्हा दिसलं की सगळ्यात जास्त वर आली ती सगळ्यात खाली होती ती मुलं. महागडी संगणकयंत्रं नाहीत, परदेशी पुस्तकं नाहीत.

आमच्याच तालुक्यातल्या नायगावात 3 जानेवारी 1831 ला सावित्रीबाईंचा जन्म झाला. 1840 साली लग्न झालं तेव्हा नऊ वर्षांच्या या मुलीला अक्षरओळख नव्हती. आजच्या प्रगतिपुस्तकात तिच्या नावापुढे काय शेरा आला असता, सांगायला नको. जोतिरावांनी तिला घरी शिकवलं, जिथे ती होती तिथून. आणि 1848 साली भिडेवाड्यात तीच मास्तरीण झाली. पुढे 1882 साली हंटर आयोगापुढे जोतिरावांनी जे निवेदन दिलं, त्यात तक्रार हीच होती की सरकार वरच्या शिक्षणावर पैसा ओततं आणि प्राथमिक शिक्षण वाऱ्यावर सोडतं. बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा आणि प्राथमिक शिक्षकाला चांगलं शिक्षण, चांगला पगार द्या, असं त्यांचं मागणं. दरवर्षी 3 जानेवारीला नायगावात मोठा मेळा भरतो, पुढारी येतात, भाषणं होतात. पहिली-दुसरीच्या वर्गाबद्दल त्यातले किती बोलतात, हा भाग वेगळा.

आता घरातलं बोलू. तुमचं मूल कुठे आहे, हे कळायला दहा मिनिटं पुरतात. दुपारची वेळ बघा. मोठी भावंडं, पाहुणे, चिडवणारे काका आसपास नकोत. दुसरीचं मराठीचं पुस्तक घ्या, पण मुलाचं नव्हे, शेजारचं, कारण स्वतःच्या पुस्तकातला धडा पाठ असतो. सहा-सात ओळींचा उतारा मोठ्याने वाचायला सांगा. केंद्र सरकारने 2021 साली ‘निपुण भारत’ म्हणून योजना काढली, तिच्यात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला निदान 60 शब्द समजून वाचता यावेत, असं धरलंय. घड्याळ लावा, पण मुलाला दिसू देऊ नका. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि म्हणा, ‘काय झालं गोष्टीत, सांग बघू मला.’ इथेच खरी परीक्षा. मग 52 वजा 27 घाला, हातच्याचं. आणि 84 लाडू 7 घरी सारखे वाटायचे तर प्रत्येक घरी किती, विचारा. तोंडी विचारा आणि मग मांडायलाही सांगा. पाठ केलेली पोरं इथे मांडतात भलतंच.

कुठे अडतंय ते मनात नोंदवा: जोडाक्षराला, रफाराला, लांब शब्दाला, की वाचतं सगळं पण सांगता येत नाही? रागावू नका, आणि बाबांना संध्याकाळी जेवताना निकाल सांगू नका. आधी डोळे तपासून घ्या. फळा दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुलं कमी नाहीत, आणि नंबर लागलाय हे मुलाला स्वतःला कळत नसतं. शाळेत जंताची गोळी देतात ती चुकवू नका. मग रोज अर्धा तास, फक्त अडलेल्या जागेपासून. पाचवीच्या मुलाला दुसरीचं पुस्तक दिलं तर त्याला लाज वाटते. त्याऐवजी गोष्टीचं पुस्तक द्या, किराणा यादी वाचायला द्या, एसटीच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरची मराठी. रात्री एक पान तुम्ही वाचा, एक त्याला वाचू द्या. तुमचं स्वतःचं शिक्षण चौथी असेल तरी चालेल, मूल वाचेल आणि तुम्ही ऐकाल, त्यालाही उपयोग होतो.

क्लासबद्दल एक शब्द. बहुतेक क्लासमध्ये पाचवीच्या मुलाला पाचवीचाच धडा पुन्हा शिकवतात, शाळेच्या थोडा आधी. म्हणजे चाळिसावी ओळच दोनदा विणायची. पैसे भरण्याआधी विचारा की हे मूल दुसरीच्या वाचनाला अडलंय, तिथून घ्याल का? ‘हो’ म्हणणारे फार थोडे भेटतील. भेटले तर सोडू नका.

आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल, तर शाळा व्यवस्थापन समिती नावाची एक गोष्ट आहे. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. अनेक ठिकाणी बायकांची नावं असतात आणि सही घरून येते. आपलं नाव असेल तर सहीपुरतं ठेवू नका, बैठकीला स्वतः जा. रंगरंगोटी, पाण्याची टाकी, स्नेहसंमेलन यांवर बोलणं झालं की हात वर करून एवढंच विचारा, तिसरीच्या वर्गातल्या किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो? ‘पोर्शन पूर्ण झालाय’ असं उत्तर येईल. तोच प्रश्न पुन्हा विचारा, आणि आकडा मिळाला की वहीत तारखेसकट लिहून ठेवा.